आधी तिच्या कडेवरचं बाळ उतरवून घ्या

ताई, नमस्कार.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा आमच्या कॉलेजच्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) विद्यार्थी प्रतिनिधी आहे. आमच्या भागात साखर कारखाना आहे. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि कारखान्यामागच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. गेल्या वर्षी आम्ही तिथल्या मुलांसाठी बालआनंद मेळावा घेतला. मांडव, माईक, चित्रकला स्पर्धा, तीन बक्षिसं, सगळं होतं. पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर मुलं बसून बसून कंटाळली, निम्मी उठून गेली. मोठ्या मुली तर मांडवात आल्याच नाहीत, कडेवर भावंडं घेऊन लांबच उभ्या राहिल्या. निघताना त्यांतली एक, दहाएक वर्षांची असेल, जवळ येऊन म्हणाली, "ताई, उद्या येणार ना?" मी "हो, येणार" म्हणून बसले. पुन्हा गेलो नाही. वर्ष झालं, ते मनातून जात नाही.

यंदा जबाबदारी माझ्यावर आहे. आम्ही कॉलेजचे २५ जण, वस्तीवरची ६०-७० मुलं, सहा हजार रुपये आणि जानेवारीतला एक रविवार. सर म्हणतात, कार्यक्रम गेल्या वर्षीपेक्षा मोठा झाला पाहिजे. मैत्रीण म्हणते, एका दिवसाने त्या मुलांचं काय होणार, हे सगळं आपल्याच समाधानासाठी. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. काय करू?

— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

प्रिय लेकी,

तुझं पत्र वाचून झालं तरी मांडवाबाहेर उभ्या असलेल्या त्या मुली माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या आत का आल्या नाहीत, याचं उत्तर मिळालं की तुझा निम्मा कार्यक्रम आखून झालाच म्हणून समज.

लोक म्हणतात, या मुली लाजतात. खरं म्हणजे त्या वेळी त्या कामावर असतात. ऊसतोडीत मजुरीचा हिशोब कोयत्यावर होतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाच्या आधीच मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती फेडायची तर दोघांनाही फडात, उसाच्या शेतात, उभं राहावं लागतं. पहाटे अंधारात गाडी निघते. तान्हं असेल तर आई सोबत नेते आणि फडाच्या कडेला झोळी बांधते. दीड-दोन वर्षांचं पोर मात्र कोपीवर राहतं, आणि ते राहतं थोरल्या बहिणीच्या कडेवर. पाणी भरायचं, चूल बघायची, धाकट्याला सांभाळायचं. तुमचा माईक "सगळ्या मुलांनी पुढे या" म्हणत होता तेव्हा ती मुलगी बाळाला कुठे ठेवणार होती?

मी शिक्षिका होते आणि माझ्या नोकरीतले काही हंगाम साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ भरणाऱ्या शाळेवर, गेले. पहिल्या दिवशी मीही तुमच्यासारखीच चूक केली. चित्रकलेच्या वह्या आणि रंगपेट्या घेऊन गेले, ताडपत्री अंथरली, मुलं गोळा झाली. सगळी मुलगेच. मुली कडुनिंबाखाली उभ्या. तिसऱ्या दिवशी मी काही न बोलता एकीच्या कडेवरून बाळ घेतलं. बाळ रडलं, मी त्याला घेऊन फेऱ्या मारत राहिले. ती मुलगी लगेच खेळायला गेली नाही. तिथेच उभी राहिली. हात रिकामे झाले होते, पण कंबर तशीच एका बाजूला कललेली, जणू बाळ अजून कडेवरच आहे. बऱ्याच वेळाने ती सरळ झाली. मग ताडपत्रीच्या कडेला येऊन बसली आणि सगळ्या रंगपेटीतून फक्त काळा खडू उचलला. पुढे ती शाळेत रुळली, पण मला आठवते ती त्या दिवशीची तिची ती तिरकी कंबर.

म्हणून तुझ्या कार्यक्रमाचा पहिला विभाग लहानग्यांचा असू दे, आणि त्यावर तुमच्यातली सगळ्यात चांगली सहा माणसं लाव. त्यांत मुलगे हवेतच. बाळ सांभाळणं हे मुलींचंच काम, हे त्या वस्तीवर कुणी नव्याने शिकवायची गरज नाही, तेव्हा कॉलेजातल्या दादाने बाळाला खांद्यावर थोपटलेलं तिथल्या मुलग्यांनी बघितलं तर बरंच आहे. झाडाची दाट सावली बघा, खाली जाड सतरंजी, दोन झोळ्या, काही वाट्या-चमचे, मऊ कापडाचे चेंडू, प्यायचं उकळलेलं पाणी. एवढं पुरतं. जागा मात्र मोठ्यांच्या खेळापासून दहा-पंधरा पावलांवरच ठेव. बाळ दिसत राहिलं तरच बहीण खेळेल. नजरेआड नेलंत तर ती मिनिटामिनिटाला उठून येईल, आणि तिचं बरोबरच असेल.

ही युक्ती माझी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात जाऊन भरू लागली. आज गावोगाव आपण जो अंगणवाडी शब्द वापरतो, त्याचं मूळ तिथलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली, आणि पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. कारण हेच, धाकट्याला सांभाळणारं पोर त्याला घेऊनच शाळेत यावं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी डहाणूच्या पाड्यांवर त्यांना जे समजलं, ते तुमच्या माळावर आजही तसंच लागू आहे.

आता वेळेचं. रविवार तुमच्या सोयीचा आहे. कारखान्याला रविवार नसतो, टोळीलाही नसतो. त्यामुळे वार कुठलाही असला तरी मुलं वस्तीवर कधी मोकळी असतात आणि आईबाप कधी परततात, हे तिथे जाऊन विचार. निदान आठ दिवस आधी, संध्याकाळी, टोळी परतल्यावर जा. सोबत सर किंवा एखाद्या मॅडम असाव्यात, आणि तुम्ही दोघी-तिघीच. मुकादमाला भेटावं लागेल, तो वस्तीचा कारभारी आहे. पण परवानगी तेवढ्यावर थांबवू नकोस. चुलीपाशी बसलेल्या बायकांशी बोल. "आम्ही अमुक दिवशी दहा ते एक तुमच्या लेकरांशी खेळायला येणार आहोत, लहान बाळांनाही सांभाळू, इथेच, तुमच्या कोप्यांसमोर." एवढं सांग आणि त्यांना काय वाटतं ते ऐक. त्या दमलेल्या असतात, फार बोलणार नाहीत, पण कुठल्या बाळाला काय चालत नाही, कुणाला फिट येते, कोण पाण्याकडे पळतं, हे त्याच सांगतील. ही माहिती कुठल्याही नियोजन बैठकीत मिळायची नाही.

त्याच संध्याकाळी मुलांची नावं आणि गावं लिहून घे. बीड जिल्हा म्हणजे सगळं एक नाही. कुणी पाटोद्याचं, कुणी शिरूर कासारचं, कुणी धारूरचं. बंजारा तांड्यावरची मुलं असतील तर घरात गोरमाटी बोलत असतील. तुमची कोल्हापुरी बोली त्यांना वेगळी वाटेल आणि त्यांची तुम्हाला. त्यावर कुणी हसायचं नाही, हे तुझ्या गटाला आधीच बजाव. "शाळेत का जात नाहीस?" हा प्रश्नही कुणी विचारायचा नाही. लेकराने त्याचं काय उत्तर द्यायचं? "गावाकडे कितवीत होतास?" असं विचार. बहुतेकांचं नाव गावच्या शाळेत आहे, दिवाळीपर्यंत ती वर्गात बसलेली आहेत. तिसरीतल्या मुलाला तिसरीतला म्हणूनच बोलवा.

प्रत्यक्ष दिवशी मुलांचे दहा-बारा जणांचे सहा गट कर आणि प्रत्येक गटाला तीन ताई-दादा, ते शेवटपर्यंत तेच. तासातासाला चेहरे बदलू नकोस. ६०-७० मुलांना १८ जण आणि बाळांपाशी सहा, तुझं गणित बसतं. कार्यक्रम कमी ठेव. मला विचारशील तर तीनच गोष्टी पुरे: काहीतरी हाताने करायचं, काहीतरी धावायचं, आणि एक गोष्ट ऐकायची.

हाताच्या कामात मी तुला माझा सगळ्यात आवडता उपक्रम देते. खाकी कागदाची लांब गुंडाळी आण आणि जमिनीवर पंधरा-वीस फूट उलगड. एका टोकाला मुलांचं गाव, दुसऱ्या टोकाला तुमचा कारखाना. मधला रस्ता मुलांनी काढायचा. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडीकुंडी, कोंबड्या, सरपण आणि म्हाताऱ्या आजीसकट त्यांनी तो रस्ता केलेला असतो. त्यांना सगळं आठवतं. कुठे जेवायला थांबलो, कुठे पूल आला, कुठे बाप्पाचं देऊळ होतं, कुठे पाऊस लागला. आमच्याकडे एका पोराने ट्रकपेक्षा दुप्पट मोठे बैल काढले आणि खाली त्यांची नावं लिहिली. मी म्हटलं, अरे, बैल एवढे मोठे असतात का? तो म्हणाला, "बाई, ट्रक मुकादमाचा, बैल आमचे." मी पुढे त्याच्या चित्रात काही सुधारायला गेले नाही.

चित्रांची स्पर्धा लावू नकोस. ७० मुलांत तीन बक्षिसं म्हणजे ६७ मुलांना दिलेला नकार. गेल्या वेळी निम्मी मुलं उठून गेली, त्यात उशिराचा दोष होताच, पण बक्षीस आपल्याला मिळणार नाही हे मुलांना फार लवकर कळतं.

धावण्याच्या खेळांत लगोरी, आट्यापाट्या, रुमाल पळवणे असं साधं काहीतरी घ्या. मात्र निम्मा वेळ मुलांना तुम्हाला शिकवू द्या. सागरगोटे त्या मुली ज्या वेगाने उडवतात, तसे तुमच्यातल्या एकीलाही जमणार नाहीत. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करणारा एखादा तरी पोरगा तिथे असतोच. त्याला मधोमध बसव, चिपाडं आणि बाभळीचे काटे आधीच गोळा करून ठेव आणि तुमचे दादा त्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून मांडी घालून बसू देत. बाहेरून आलेली माणसं नेहमी आपल्याला काहीतरी द्यायलाच येतात, हे त्या मुलांना पाठ झालेलं असतं. त्यांच्याकडून काही घ्यायला कुणी येत नाही.

खाऊचं फार डोक्यात घेऊ नकोस. केळी आणि शेंगदाण्याची चिक्की द्या, सगळ्यांनी गोल बसून खा, तुम्हीही त्यांच्यातच. रांग लावून हातात पाकिटं ठेवायची नाहीत.

सरांशी बोलायचं तर त्यांना विरोध केल्यासारखं बोलू नकोस. त्यांचीही अडचण आहे, त्यांना अहवाल द्यायचा असतो. "सर, मोठा म्हणजे जास्त मुलींना सामावून घेणारा, असं यंदा करू या का? गेल्या वर्षी मोठ्या मुली बाहेरच राहिल्या होत्या," असं म्हण आणि नियोजनाचा कागद पुढे ठेव. मांडव-माईकचे पैसे वाचवून सतरंज्या, कागद आणि खाऊ येतो, हे त्यांना आकड्यांत दाखव. पाहुणे बोलवायचेच असतील तर उद्घाटनाला नकोत. शेवटच्या अर्ध्या तासात बोलवा आणि आधीच विनंती करा की सतरंजीवर मुलांत बसून एक गोष्ट सांगायची आहे. उशीर झाला तर गोष्ट तुमच्यातलं कुणीतरी सांगेल, मुलं थांबणार नाहीत. फोटोंचं म्हणशील तर अहवालापुरते काढा, आईबापांना विचारून, शक्यतो मुलांचे हात, चित्रं, पाठमोरे गट. स्टेटसला त्या मुलांचे चेहरे लागायला नकोत. तुझ्या धाकट्या बहिणीचा न विंचरलेल्या केसांचा फोटो अनोळखी माणसाने लावला तर तुला कसं वाटेल, तेवढं गटाला विचार.

दोन गोष्टींत मात्र कुणाचीही भीड धरू नकोस. कुठलाही ताई-दादा कुठल्याही मुलासोबत आडोशाला एकटा जाणार नाही. शी-शूला न्यायचं तर दोन ताई जातील. आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा रस्ता, विहीर किंवा कालवा जवळ असेल तर त्या बाजूला तुमची दोन माणसं, लागलं तर गटांतून काढून, पूर्ण वेळ उभी राहतील, ती कुठल्याही खेळात सामील होणार नाहीत. एखाद्या मुलाने कुणी मारल्याचं, त्रास दिल्याचं काही सांगितलं तर तिथल्या तिथे चौकशा करत बसू नका. शांतपणे ऐका, सरांना सांगा, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या.

आता तुझ्या मैत्रिणीचं. तिच्यावर रागावू नकोस, तिचं म्हणणं खोटं नाही. एका दिवसाने त्या मुलीच्या कडेवरचं ओझं कायमचं उतरत नाही. पण म्हणून तो दिवस रद्द करायचा, हेही मला मान्य नाही. तो दिवस पहिला ठरावा असं बघू. साधा हिशोब कर. २५ जणांच्या त्या रविवारचे सहा तास धर, म्हणजे तुमच्याकडे १५० तास आहेत. मोठा कार्यक्रम तीन तासांत उरकला तर ७५ तास संपले. उरलेल्या ७५ तासांत सहा जणांच्या गटाचे तीन-तीन तासांचे चार रविवार बसतात. कारखाना साधारण मार्चपर्यंत चालतो, जानेवारी-फेब्रुवारीत हे चार रविवार सहज येतात. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतातच. ते झाडलोट आणि मिरवणुकीच्या बंदोबस्तात जाण्यापेक्षा इथे जाऊ देत. सरांनाही हा हिशोब आवडेल, बघ.

आणि एक काम असं आहे जे एका दिवसात सुरू होतं आणि पुढे तुमच्याशिवायही चालू राहू शकतं. तू जी नावांची यादी केलीस, तिच्यात वय, गावची शाळा आणि इयत्ता लिही. ती घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावं लागतं. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. काही मुलांकडे गावच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड असेल, ते आईच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी सापडतं, विचारून बघ. सहा वर्षांखालच्या बाळांची यादी गावच्या अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना दे. आहार आणि लसीकरणाचं त्या बघतील, पण माळावर किती बाळं आहेत हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. सगळी मुलं शाळेत जातील असं मी म्हणत नाही. शाळा दोन किलोमीटरवर असेल, रस्त्यावर ट्रॉल्या असतील, कडेवरच्या बाळाचा प्रश्न तिथेही आहेच. माझ्या अनुभवात अशा यादीतून दहा-बारा मुलं टिकतात. त्या दहा-बारांच्या घरच्यांना विचार, ते थोडं आहे का.

राहिली ती मुलगी. "उद्या येणार ना?" हे यंदाही कुणीतरी विचारणार. ही टोळी तीच असेल असं नाही, मुकादम बदलतो, कारखाना बदलतो. पण तीच असेल तर तिला जाऊन सांग, "मी येते म्हणाले होते आणि आले नाही. माझं चुकलं." एवढंच. कारणं देऊ नकोस, परीक्षा होती वगैरे. लहान मुलांना मोठ्या माणसांनी चूक कबूल केलेली फार क्वचित ऐकायला मिळते. आणि यंदा जे कुणी विचारेल तिला तारीख सांग. "उद्या नाही, पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी दहाला." ती तारीख पक्की असेल तरच तोंडातून काढ. चारही रविवारची माणसं आधी ठरलेली हवीत, एक आजारी पडलं तर दुसरं कोण हेही ठरलेलं हवं. नसेल जमत तर "आता येणं होणार नाही" असं सरळ सांग. मुलं ऐकून घेतात. वाट बघायला लावणं त्यांना जास्त लागतं.

शेवटच्या रविवारी तो रस्त्याचा लांब कागद वस्तीवरच ठेवून या. तो कॉलेजच्या प्रदर्शनासाठी नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास पट्टा पडेल, म्हणजे हंगाम संपेल, कोप्या मोडतील, तेव्हा मुलं तो गुंडाळून गावाकडे नेतील किंवा नेणार नाहीत, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

आणि झोळीसाठी घरून जुनी सुती साडी ने. नायलॉनची नको, तिची गाठ सरकते. बांधल्यावर आधी आपल्या हाताने जोर देऊन बघ, मगच बाळ घाल.

तुझी,
ताई